चार सुपरहिरोपट आणि न संपणारी गोष्ट

मार्व्हल आणि डीसी या दोन कंपन्यांनी २०२५ मध्ये मिळून चार मोठे सुपरहिरोपट पडद्यावर आणले. फेब्रुवारीत ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आला, मे महिन्यात ‘थंडरबोल्ट्स’, आणि जुलैमध्ये अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने ‘सुपरमॅन’ व ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’. प्रदर्शनाच्या वेळचा गाजावाजा ओसरल्यावर हे चारही चित्रपट मी अलीकडे लागोपाठ पाहिले. एकेक चित्रपट सुटा पाहिला की त्याचे गुणदोष त्याच्यापुरते वाटतात. चारही एकामागून एक पाहिले की कोणत्या खोडी त्या चित्रपटाच्या स्वतःच्या आहेत आणि कोणत्या या सबंध प्रकाराला जडलेल्या आहेत, हे वेगळे करता येते.

सुपरहिरोपटांचा प्रेक्षकांना वीट आला आहे, हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा लिहिले गेले आहे की आता त्या वाक्याचाच वीट यावा. तरी ते अगदीच निराधार नाही. २०१९ या एका वर्षात ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’, ‘कॅप्टन मार्व्हल’, ‘स्पायडरमॅन: फार फ्रॉम होम’ आणि ‘जोकर’ अशा चार चित्रपटांनी जगभरात प्रत्येकी शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला होता. २०२५ च्या चारांपैकी एकालाही तो गाठता आला नाही. सर्वांत पुढे राहिलेला ‘सुपरमॅन’ एकसष्ट कोटींच्या थोडा वर जाऊन थांबला. मात्र प्रेक्षक नेमके कशाला कंटाळले, या प्रश्नाचे ‘अंगरखे घालून उडणाऱ्या माणसांना’ हे उत्तर मला पटत नाही. हे चार चित्रपट पाहताना मी एकच कसोटी लावली: जी गोष्ट सांगायला घेतली ती त्याच दोन तासांत पुरी झाली का, आणि तिच्यात जे घडले ते घडलेलेच राहिले का? पुढे चारही चित्रपटांच्या शेवटांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे, त्यामुळे ज्यांना ते आधी कळायला नको असेल त्यांनी चित्रपट पाहून मगच पुढे वाचावे.

सर्वांत दुबळ्या चित्रपटापासून सुरुवात करतो. ज्युलियस ओना दिग्दर्शित ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये सॅम विल्सन हा नवा कॅप्टन अमेरिका आहे. त्याच्या अंगात कोणतेही अद्भुत द्रव्य नाही. ढाल, पंख आणि जिद्द एवढ्यावरच त्याला निभवायचे आहे. अँथनी मॅकी हा नट ही भूमिका मनापासून करतो. परंतु हा चित्रपट समजण्यासाठी प्रेक्षकाने किती तयारी करून यावे अशी अपेक्षा आहे, ते पाहा. अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थॅडियस रॉस आणि त्याची मुलगी यांच्यातला दुरावा उमगण्यासाठी २००८ चा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ आठवायला हवा. खलनायक सॅम्युएल स्टर्न्स हाही त्याच चित्रपटातला; त्याच्या डोक्यात काहीतरी शिजू लागल्याचे तिथे दाखवले होते आणि त्या सूचनेचा पाठपुरावा तब्बल सतरा वर्षांनी इथे होतो. हिंदी महासागरातील ज्या महाकाय देहात सापडलेल्या धातूसाठी राष्ट्रे हमरीतुमरीवर येतात, तो देह २०२१ च्या ‘इटर्नल्स’मध्ये समुद्रातून वर आला होता. सॅमकडे ढाल कशी आली आणि आयझाया ब्रॅडली हा वृद्ध सैनिक कोण, याचे उत्तर त्याच वर्षीच्या एका दूरचित्रवाणी मालिकेत आहे. यातले काहीही न पाहिलेला माणूस या चित्रपटात शिरला, तर पात्रे एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहत आहेत एवढेच त्याला कळेल; तो अर्थ कोणता, हे कळण्याची सोय नाही.

या पसाऱ्यात खरोखर चांगली म्हणावी अशी एक गोष्ट आहे आणि ती आयझायाची आहे. कार्ल लम्ब्ली या ज्येष्ठ नटाने साकारलेला हा माणूस सरकारने प्रयोगासाठी वापरून घेतलेला आणि पुढे तीस वर्षे तुरुंगात डांबलेला आहे. सॅमच्या आग्रहाखातर तो व्हाइट हाउसमधल्या समारंभाला येतो. तिथे फोनवर एक जुने गाणे वाजते, त्याच्या मनाचा ताबा दुसऱ्याच कोणाकडे जातो आणि तो अध्यक्षावर गोळ्या झाडतो. भानावर आल्यावर आपण काय केले याचा त्याला पत्ताच नसतो. पुन्हा तुरुंगात जावे लागणार या एकाच भीतीने तो गलितगात्र होतो. लम्ब्ली यांच्या चेहऱ्यावरची ती भीती पाहताना वाटते, चित्रपट याविषयी असायला हवा होता. पण पटकथा त्याला कोठडीत ठेवते आणि धातू, करार, लढाऊ विमाने यांकडे वळते. शेवटी तो सुटतो, तेही जाता जाता. ज्या रहस्यावर उत्तरार्धाची सारी भिस्त आहे, ते म्हणजे रॉसचे लाल हल्कमध्ये होणारे रूपांतर. तेही ट्रेलरमध्ये आणि पोस्टरवर आधीच दाखवून झाले होते. पडद्यावरची पात्रे जे शोधून काढण्यासाठी दीड तास धडपडतात, ते प्रेक्षकाला तिकीट काढण्यापूर्वीच ठाऊक आहे. हॅरिसन फोर्ड यांच्यासारखा नट हाताशी असताना त्यांच्या चेहऱ्याऐवजी संगणकाने घडवलेल्या लाल देहावर शेवट सोपवणे हा तर निव्वळ करंटेपणा आहे.

ही पाळी का आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९ पर्यंत मार्व्हलने एकमेकांत गुंफलेले तेवीस चित्रपट काढले. त्यातही प्रेक्षकाला आधीचे काही आठवावे लागत होते, पण दोन गोष्टी सांभाळल्या जात होत्या. बहुतेक चित्रपट स्वतंत्रपणे उभे राहत, आणि त्यांच्यामधून वाहणारी मोठी गोष्ट कुठेतरी पोहोचणार आहे याचा भरवसा होता. ‘एंडगेम’ने तो भरवसा खरा केला. टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅन मेला, स्टीव्ह रॉजर्स हा पहिला कॅप्टन अमेरिका म्हातारा झाला, आणि तीन तासांच्या त्या चित्रपटाने जवळजवळ २८० कोटी डॉलर मिळवले. प्रेक्षकांनी अकरा वर्षे जपलेली उधारीची वही त्या दिवशी चुकती झाली. अडचण अशी की, दुकान दुसऱ्या दिवशीही तसेच उघडले आणि मागचा हिशेब मिटलेल्या गिऱ्हाइकांना पुन्हा उधारीवर सह्या करायला सांगण्यात आले.

त्यानंतर २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत सात चित्रपट आणि त्यांच्या जोडीला आठ मालिका आल्या. हे सगळे पाहणे हा छंद उरला नाही, ती नोकरी झाली. ‘द मार्व्हल्स’ हा २०२३ चा चित्रपट या धोरणाची परिसीमा म्हणावा लागेल. त्याच्या तीन नायिकांपैकी एक चित्रपटातून आली होती आणि दोघी दोन वेगवेगळ्या मालिकांमधून. ज्यांनी मालिका पाहिल्या नव्हत्या, त्यांना या दोघी कोण आणि त्यांच्यासाठी आपण का झुरावे, हेच कळेना. इमान वेलानी या तरुण अभिनेत्रीचा उत्साह हीच त्यातली जमेची बाजू होती. जगभरातली कमाई वीस कोटी डॉलरच्या आसपास थांबली, म्हणजे मार्व्हलच्या या मालिकेतला नीचांक. मार्व्हलची मालक कंपनी डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीही त्या वर्षी मान्य केले की अतिरेकी उत्पादनामुळे लक्ष विखुरले गेले, आणि पुढे कंपनीने वर्षाला दोन किंवा फार तर तीन चित्रपट एवढ्यावर यायचे ठरवले. उत्पादनाच्या या रेट्याची झळ पडद्यामागेही लागत होती: दृश्यपरिणामांचे काम करणाऱ्या मार्व्हलच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला. ‘क्वांटमेनिया’ या २०२३ च्या ‘अँट-मॅन’पटामधले ते अजागळ मोठे डोके ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे कर्मचारी किती घाईत काम करत असतील याची कल्पना यावी.

एवढी पार्श्वभूमी डोक्यात ठेवून ‘थंडरबोल्ट्स’ पाहिला आणि सुखद धक्का बसला. कागदावर पाहिले तर हाही गृहपाठाचाच चित्रपट आहे. येलेना एका चित्रपटातली, जॉन वॉकर एका मालिकेतला, घोस्ट ही ‘अँट-मॅन’च्या दुसऱ्या भागातली, सगळी दुय्यम पात्रे, कोणाच्याही भिंतीवर ज्यांची चित्रे नाहीत अशी. पण दिग्दर्शक जेक श्रायर या अडचणीतूनच वाट काढतो. ही माणसे कोण हे माहीत असण्याची गरज पडत नाही, कारण आपण कोणीच नाही हीच त्यांची ओळख आहे. सरकारी पदावरची एक कारस्थानी बाई आपल्या काळ्या कामांचा पुरावा नष्ट करण्यासाठी तिच्याच भाडोत्री माणसांना एका भूमिगत तिजोरीत एकमेकांना संपवायला पाठवते. तिथे त्यांना बॉब नावाचा एक गोंधळलेला, साध्या कपड्यांतला तरुण भेटतो. या सापळ्यातून बाहेर पडण्यासाठी चौघांना पाठीला पाठ लावून, हातात हात अडकवून, पाय भिंतीला रेटत उभ्या बोगद्यातून वर चढावे लागते. एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेली माणसे, आणि एकाने अंग काढले की सगळेच खाली. संघ कसा बनतो हे सांगायला या जातीच्या चित्रपटांत सहसा एखादे स्फूर्तिदायक भाषण असते. इथे ते एका शारीरिक कृतीतून दिसते आणि वर विनोदीही होते.

चित्रपटाचा गाभा येलेनाच्या रितेपणात आहे. फ्लॉरेन्स प्यू सुरुवातीच्या दृश्यात क्वालालंपूरमधल्या अतिउंच इमारतीच्या कडेवरून उडी घेते, आणि ती घेताना आपल्याला आतून काहीच वाटत नाही हे इतक्या कंटाळलेल्या स्वरात सांगते की ती उडी साहसाची वाटतच नाही. (ही उडी प्यूने स्वतः मारली आहे. एरवी अशा माहितीला मी महत्त्व देत नाही, पण इथे कॅमेऱ्याला ती जवळून दाखवता येते, हा फरक आहे.) नंतर भर रस्त्यात तिचा आणि तिच्या मानलेल्या वडिलांचा एक प्रसंग येतो. डेव्हिड हार्बरने रंगवलेला हा बाप तोवर केवळ हास्यास्पद वाटत आलेला असतो. येलेना त्याला सांगते की काम संपले की ती नुसती बसून राहते आणि आपण केलेल्या वाईट गोष्टी आठवत राहते. तो तिला लहानपणीच्या फुटबॉल संघाची आठवण करून देतो. तिला त्यात गोलरक्षक व्हायचे होते, कारण दुसऱ्या कोणाची चूक झाली तर सावरायला आपण मागे असू. लेखकाने पुढच्या साऱ्या कथेची किल्ली इथे ठेवली आहे आणि तिच्याकडे बोट दाखवलेले नाही.

बॉबच्या आतली काळोखी बाजू बाहेर पडते तेव्हा शहरातली माणसे क्षणात काळ्या सावल्या होऊन जमिनीवर उमटतात आणि प्रत्येकजण आपापल्या लाजेच्या खोलीत कोंडला जातो. वॉकरची खोली मला सर्वांत जास्त टोचली: त्यात ना रणांगण आहे ना रक्त; रडणारे तान्हे मूल आहे आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून फोनमध्ये डोके घातलेला बाप आहे. शेवटी बॉब त्या काळोखाला ठोसे मारत सुटतो आणि जितके मारतो तितका स्वतः त्यात बुडत जातो. त्याला थांबवायला बाकीचे फक्त त्याला घट्ट धरून ठेवतात. आकाशातून कोसळणाऱ्या निळ्या किरणांच्या झोताशिवाय सुपरहिरोपटाचा शेवट होऊ शकतो, हे पाहून हायसे वाटले. दोष आहेत: टास्कमास्टर या पात्राला ज्या बेफिकिरीने पहिल्याच चकमकीत संपवले, त्यामागे कथेची गरज दिसत नाही, आणि संघात सामील होणाऱ्या बकीचा खासदार म्हणून वावर अर्धवट सोडलेला आहे.

आणि मग घात होतो. गोष्ट पुरी झालेली असते, माणसे धापा टाकत उभी असतात, तेवढ्यात ती कारस्थानी बाई त्यांना पत्रकारांसमोर ओढते आणि ‘नवे अ‍ॅव्हेंजर्स’ म्हणून जाहीर करून टाकते. प्रसंग म्हणून यात उपरोध आहे, तो मला आवडलाही. पण प्रदर्शनानंतर काही दिवसांतच निर्मात्यांनी पोस्टरवरचे नावही ‘द न्यू अ‍ॅव्हेंजर्स’ असे बदलले, म्हणजे पडद्यावर ज्या विक्रीतंत्राची थट्टा केली तेच बाहेर गंभीरपणे वापरले. त्याचा फार उपयोग झाला नाही. ‘थंडरबोल्ट्स’ची कमाई अडतीस कोटी डॉलरच्या घरात राहिली, तर कितीतरी निकृष्ट ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ने एकेचाळीस कोटींहून अधिक मिळवले. माझ्या कसोटीला हा आकडा सरळसरळ छेद देतो असे कोणी म्हणेल. मला त्याचा अर्थ वेगळा लागतो. प्रेक्षक तिकीट काढतो ते मागच्या अनुभवावर. वाईट चित्रपटाची किंमत बहुधा त्याच्यानंतर येणारा चांगला चित्रपट मोजतो.

जेम्स गन यांच्या ‘सुपरमॅन’पुढे वेगळीच अडचण होती. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस शोधूनही सापडणार नाही. नष्ट झालेला ग्रह, अवकाशयानातले बाळ, शेतकरी दांपत्य, हे सगळे पुन्हा दाखवायचे तर निम्मा चित्रपट त्यातच जातो. गन यांनी ते काही ओळींच्या मजकुरात उरकले आहे: तीन शतकांपूर्वी काय झाले इथपासून तीन मिनिटांपूर्वी काय झाले इथपर्यंत. आणि तीन मिनिटांपूर्वी सुपरमॅन पहिल्यांदाच हरलेला असतो. पहिल्या दृश्यात तो बर्फात आपटलेला, रक्ताळलेला दिसतो, कशीबशी शीळ घालतो आणि त्याचा अत्यंत बेशिस्त कुत्रा धावत येऊन मदत करण्याच्या नादात त्याला आणखी तुडवतो. अजिंक्य माणसाविषयी आपुलकी कशी वाटावी, हा या पात्राचा जुना पेच आहे. गन यांनी तो दोनच मिनिटांत सोडवला आहे.

चित्रपटातला सर्वोत्तम प्रसंग एका घरात, दोन माणसांत घडतो. क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, आपल्या पत्रकार प्रेयसीसाठी, लोइससाठी, स्वयंपाक करत असतो. तो वर्तमानपत्रासाठी सुपरमॅनच्या मुलाखती घेतो खऱ्या, पण त्या स्वतःच्याच असतात, यावरून ती त्याला चिडवते, आणि मग म्हणते की मला घेऊ दे. तो हसत तयार होतो. ध्वनिमुद्रण सुरू होते आणि लोइसचा स्वर बदलतो: एका देशाने दुसऱ्यावर केलेले आक्रमण तू कोणाच्या अधिकाराने थांबवलेस? सरकारला विचारलेस का? परिणामांचा विचार केलास का? डेव्हिड कॉरेनस्वेटचा क्लार्क आधी गोंधळतो, मग दुखावतो, मग आवाज चढवतो, कारण त्याच्या लेखी माणसे मरणार होती आणि तेवढे कारण पुरेसे होते. रेचल ब्रॉसनाहनची लोइस एक पाऊलही मागे घेत नाही. दोघांचेही बरोबर आहे, आणि दोघांचे प्रेमही आहे. लांबलचक, जवळजवळ नाटकासारखा हा प्रवेश कुठल्याही उड्डाणाविना चित्रपटातला सर्वांत चित्तथरारक भाग ठरतो. एका प्रचंड राक्षसी प्राण्याशी झुंजताना मध्येच एका खारीला उचलून सुरक्षित ठेवणारा सुपरमॅन अनेकांना बाळबोध वाटला. मला तो या मुलाखतीचेच पुढचे उत्तर वाटला.

उत्तरार्धात मात्र गर्दी होते. ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल, मिस्टर टेरिफिक, मेटामॉर्फो, खलनायक ल्यूथरची तरुण मैत्रीण, त्याचे हस्तक, शिवाय एक कृत्रिम विश्व आणि त्यातला तुरुंग. ईडी गथेगीचा मिस्टर टेरिफिक लक्षात राहतो, पण बाकीच्यांपैकी अर्धे पुढील चित्रपटांसाठी जागा अडवून बसलेले आहेत, हे लपत नाही. त्या कृत्रिम विश्वातला रंगीबेरंगी गोंगाट पाहताना मी चक्क घड्याळाकडे पाहिले. निकोलस होल्टचा ल्यूथर मत्सराने इतका पोखरलेला आहे की तो पडद्यावर आला की गोष्ट पुन्हा ताळ्यावर येते. आणि एका बाबतीत गन यांनी धैर्य दाखवले आहे. जन्मदात्यांनी मागे ठेवलेल्या ज्या संदेशावर सुपरमॅनने आयुष्य बेतले, त्याचा उरलेला भाग समोर येतो आणि त्यात या ग्रहावर राज्य कर असे सांगितलेले निघते. हे ल्यूथरचे कुभांड होते असा खुलासा शेवटी येईल याची मी वाट पाहत होतो. तो येत नाही. जे घडले ते घडलेलेच राहते, आणि सुपरमॅनला त्यासह आपण कोण हे ठरवावे लागते.

नेमका हाच निर्धार ‘फर्स्ट स्टेप्स’ला शेवटी पेलवला नाही, याचे वाईट वाटते, कारण तोवर तो चौघांत सर्वांत देखणा चित्रपट आहे. मॅट शॅकमन यांनी १९६० च्या दशकाला भविष्याचे जे स्वप्न पडत असे, त्या स्वप्नातले एक स्वतंत्र जग उभारले आहे आणि त्याचा मार्व्हलच्या आधीच्या कोणत्याही चित्रपटाशी संबंध ठेवलेला नाही. चौघांना शक्ती कशा मिळाल्या हे दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातून झटपट सांगून होते आणि मुख्य कथा गर्भधारणेच्या बातमीने सुरू होते. अवकाशयानात, गुरुत्वाकर्षणाशिवाय, पाठलाग चालू असताना होणारे बाळंतपण हा प्रसंग व्हॅनेसा कर्बीने असा केला आहे की भोवतीची सारी तांत्रिक करामत दुय्यम वाटावी. त्यानंतरचा पेच त्याहून चांगला आहे: पृथ्वी वाचवायची असेल तर बाळ द्या, असे ग्रह गिळणारा गॅलॅक्टस म्हणतो, आईबाप नकार देतात, आणि परत आल्यावर रीड रिचर्ड्स हे जगाला सरळ सांगून टाकतो. कालपर्यंत त्यांना डोक्यावर घेणारे लोक दाराशी येऊन जाब विचारू लागतात, आणि त्यांचेही चुकत नाही. सुपरहिरोपटात नागरिकांना बहुधा पळण्याखेरीज काम नसते. इथे त्यांना मत आहे.

पण शेवटी बाळाची आई स्यू आपला जीव पणाला लावून गॅलॅक्टसला ढकलते, कोसळते, तिचा श्वास थांबतो, आणि काही क्षणांत बाळाच्या स्पर्शाने ती उठून बसते. तो मृत्यू दोन मिनिटेही टिकला नाही. तिने काय पणाला लावले होते, हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. मग श्रेयनामावलीच्या मध्ये ‘चार वर्षांनंतर’ अशी पाटी, हिरव्या झग्यातली पाठमोरी व्यक्ती, आणि पुढच्या चित्रपटाची वर्दी. पेड्रो पास्कलचा रीड मला जरा मवाळ वाटला, एबन मॉस-बॅकरॅकचा बेन ग्रिम हवा तेवढा मिळालाच नाही. पण या तक्रारी किरकोळ आहेत. खरे नुकसान त्या दोन मिनिटांत झाले.

मरणालाच किंमत उरली नाही, ही या चित्रपटांची सर्वांत मोठी व्याधी आहे आणि समांतर विश्वांच्या कल्पनेने ती बळावली. कोणीही मेला तरी त्याची दुसरी आवृत्ती शेजारच्या विश्वात तयार असते. हे सारे करूनही चाललेला एक मोठा अपवाद समोर उभा आहे, तो टाळून चालणार नाही. २०२४ चा ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ सुरू होतो तोच ‘लोगन’ चित्रपटात मेलेल्या नायकाची कबर उकरून, आणि त्याचीच हाडे शस्त्र म्हणून वापरून. मागच्या पंचवीस वर्षांचे संदर्भ माहीत नसतील तर त्यातले निम्मे विनोद डोक्यावरून जातात. तरीही त्याने १३३ कोटी डॉलर मिळवले. मी तो पाहताना खूप हसलो, हेही सांगायला हवे. परंतु त्याची गंमत परंपरा उधळून लावण्यात आहे, आणि तोच खेळ दर वर्षी करता येत नाही. त्याच वर्षी ‘जोकर’च्या दुसऱ्या भागाने पहिल्या भागाच्या कमाईचा जेमतेम पाचवा हिस्सा गाठला. सोनीने स्पायडरमॅनशिवाय चालवलेल्या स्पायडरमॅनच्या विश्वाविषयी, म्हणजे ‘मॅडम वेब’, ‘क्रेव्हन’ वगैरेंविषयी, अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सुपरहिरोपट ताजा कसा ठेवावा याचे माझ्या मते उत्तम उदाहरण याहून पुष्कळ कमी खर्चात झालेले आहे: बेसिल जोसेफ यांचा २०२१ चा मल्याळम ‘मिन्नल मुरली’. एकाच रात्री वीज दोन माणसांवर पडते, एक शिंपी आणि एक गावाने वेडा ठरवून झिडकारलेला मनुष्य. दोघांना सारखीच शक्ती मिळते. गुरू सोमसुंदरम यांचा शिबू खलनायक होतो तो जगावर राज्य करण्यासाठी नव्हे. ज्या एका स्त्रीसाठी त्याने आयुष्यभर वाट पाहिली ती त्याला मिळता मिळता गेली म्हणून. त्याच्या हातून घडलेली हानी कुठल्याही समांतर विश्वात भरून निघत नाही. चित्रपट संपतो तेव्हा नायकाचे काम सुरू झालेले असते, पण गोष्ट पुरी झालेली असते.

मार्व्हलने डिसेंबर २०२६ साठी ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ जाहीर केला आहे आणि त्यात डॉक्टर डूमच्या भूमिकेत रॉबर्ट डाउनी ज्युनियर आहेत, म्हणजे ज्या टोनी स्टार्कच्या मृत्यूवर आधीची गोष्ट संपवली, त्याचाच चेहरा परत आणला आहे. डाउनी उत्तम नट आहेत आणि वेगळ्या पात्रात काही अनपेक्षित करूनही दाखवतील. तरी आधीच्या कांग या खलनायकाभोवती रचलेली योजना, त्या नटाला न्यायालयाने दोषी ठरवल्यावर, मध्येच गुंडाळली गेली आणि तिच्यासाठी ‘क्वांटमेनिया’सारखे चित्रपट सोसलेल्या प्रेक्षकाच्या हाती काहीच पडले नाही, हे विसरता येत नाही. मी ‘डूम्सडे’ पाहीन, पण त्याच्या तयारीसाठी म्हणून दुसरे काहीही पाहणार नाही.

या चारांपैकी काय पाहावे, एवढेच सांगायचे राहिले. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ सोडून द्यावा. आयझायाचे प्रसंग चांगले असले तरी त्यांच्यासाठी दोन तास देण्याजोगा तो नाही. ‘फर्स्ट स्टेप्स’ शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहावा, कारण त्याची निम्मी किमया नेपथ्यात आणि मायकेल जियाकिनो यांच्या पार्श्वसंगीतात आहे, आणि लहान पडद्यावर ती विरते. ‘सुपरमॅन’ घरातल्या सर्वांना एकत्र बसून पाहता येईल. फार लहान मुलांसोबत असाल तर ल्यूथर एका निरपराध माणसावर पिस्तूल रोखतो तो प्रसंग बराच क्रूर आहे, हे ध्यानात असू द्यावे. ‘थंडरबोल्ट्स’ मी आजवर एकही सुपरहिरोपट न पाहिलेल्या व्यक्तीलाही सुचवेन, फक्त श्रेयनामावली सुरू झाली की तो बंद करावा. तिच्यानंतरचा तुकडा पुढच्या चित्रपटाचा आहे आणि तो न पाहिल्याने या चित्रपटातले काहीही चुकत नाही.